सड्यावरचा शिंजीर

गोव्यात सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो पावसाळ्यातला सडा. जांभ्या दगडाच्या खळग्यांत पाणी साचलेले असते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवे आणि गेंदाची पांढरी बोंडे ओल्या कातळावर पसरतात, आणि एरवी ज्यांना पठाराची वाटही ठाऊक नसते अशी माणसे कॅमेरे घेऊन वर चढतात. पुढे चतुर्थी होते, दसरा-दिवाळी सरते, गवत पिकून पिवळे पडते आणि सडा पुन्हा ओस पडतो. मला जवळचा वाटणारा सडा इथून पुढे सुरू होतो, कारण डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंतचे महिने हे शिंजीर पक्ष्याचे महिने असतात. पावसाळ्यातल्या त्या नाजूक फुलांकडून शिंजिराला काहीच मिळत नाही. ती फुले नखापेक्षाही लहान, कातळाला चिकटून उमलणारी आणि कीटकांसाठी असलेली. शिंजिराला हवी असते नळीसारखी, भरपूर मकरंद धरणारी आणि जवळ बसायला फांदी असणारी फुले, आणि सडा ती त्याला देतो ते मुख्यतः कोरड्या दिवसांत.

शिंजीर, ज्याला काही जण सूर्यपक्षी म्हणतात, हा मकरंदावर जगणारा इवलासा पक्षी आहे. गोव्यात त्याच्या चार जाती सहज भेटतात: जांभळा शिंजीर, जांभळ्या पाठीचा शिंजीर, लोटेनचा शिंजीर आणि छोटा शिंजीर. घाटाकडच्या जंगलांत विगर्सचा शिंजीर म्हणून आणखी एक आहे, पण तो सड्यावरचा नव्हे, म्हणून त्याला इथे नुसता नमस्कार करून पुढे जाते. ज्याच्यासाठी मी हे लिहायला घेतले तो जांभळा शिंजीर. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तरी तो जेमतेम १० सेंटिमीटर भरतो आणि त्याचे वजन १० ग्रॅमच्या आतच राहते. चोच बारीक, खाली वाकलेली. तिच्या आत लांब जीभ असते. त्या जिभेच्या कडा आत वळून तिची नळी झालेली असते आणि टोकाशी ती दुभंगलेली असते.

त्याला माळरानाचा पक्षी म्हणावे की नाही, याबद्दल जाणकारांत थोडी कुरकुर होईल, आणि ती रास्त आहे. मलबारी चंडोल, तिरचिमणी, माळटिटवी हे खरे गवताचे पक्षी; ते जमिनीवर चरतात, जमिनीवरच अंडी घालतात आणि झुडूप नसले तरी त्यांचे चालते. शिंजिराचे तसे नाही. त्याला गवतात उभी असलेली झुडपे लागतात. पण आपला सडा म्हणजे तरी नुसते गवत कुठे असते? कातळाला जिथे भेग पडते, जिथे पावलाभर माती साठते, तिथे धायटी, केवण, करवंद, कुडा अशी झुडपे उगवतात, आणि पठाराच्या कडेला उतार लागला की ती दाट होतात. जांभळा शिंजीर या विरळ झुडपांच्या, उघड्या उन्हाच्या आणि कोरड्या वाऱ्याच्या जागेत जेवढा रमतो तेवढा त्याचा दुसरा कोणताही भाऊबंद रमत नाही. त्यामुळे तो कुठे दिसला, हीच त्याच्या ओळखीची पहिली खूण ठरते.

धायटीचे झुडूप फुलावर असताना एकदा तरी निवांत जवळ बसून पाहावे. उंची माणसाच्या डोक्याएवढी, फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकलेल्या, आणि पानांच्या बगलांतून निघालेले लाल-केशरी फुलांचे झुबके फांदीभर एकापुढे एक दाटलेले. फूल पणतीच्या वातीएवढे. त्याची लाल नळी ही खरे तर पाकळ्यांची नसून निदलपुंजाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेष्टनाची असते. पाकळ्या अगदी बारीक, जवळजवळ नसल्यासारख्या. नळीच्या तोंडातून पुंकेसर बाहेर आलेले, आणि मकरंद तळाशी. आसवे आणि अरिष्टे ही आयुर्वेदिक औषधे आंबवण्यासाठी वैद्य हीच फुले वापरतात, त्यामुळे धायटीचे नाव तरी पुष्कळांच्या घरात पोचलेले आहे. नर शिंजीर येतो तो थेट झुबक्यावर येत नाही. आधी झुडपाच्या सर्वांत उंच काटकीवर बसतो, दोन-तीनदा तीक्ष्ण आवाज देतो, पंख किंचित फडकावतो आणि मग खालच्या फांदीवर उतरतो. तिथून तो झुबक्यांच्या ओळीने सरकत जातो. कधी सरळ, कधी डोके खाली करून, कधी फांदीला उलटा लटकून. एका फुलात चोच जाते न जाते तोच बाहेर येते आणि शेजारच्या फुलात शिरते. दरम्यान दुसरा नर त्या झुडपाकडे फिरकला तर हा मकरंद सोडून त्याच्या पाठी लागतो आणि दोघे चिवचिवाट करत गवतावरून दूर निघून जातात. त्या थोड्या वेळात एखादी मादी शांतपणे येऊन अर्धे झुडूप फिरून जाते.

अशा वेळी जवळून पाहिलेल्या नराच्या कपाळावर परागाची पिवळसर धूळ बसलेली असते. नवखा निरीक्षक ती पाहून पुस्तकात पिवळ्या कपाळाचा शिंजीर शोधू लागतो आणि तो काही सापडत नाही. ही एक गोष्ट मी नव्याने पक्षी पाहू लागलेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगते: शिंजिराच्या चेहऱ्यावर दिसणारा प्रत्येक रंग त्याचा स्वतःचा असतोच असे नाही, काही रंग फुलांनी लावलेले असतात.

पण रंगाची खरी अडचण त्याहून खोल आहे. विणीच्या काळातला जांभळा शिंजीर नर दुरून पाहिला तर नुसता काळा दिसतो. ऊन त्याच्यावर तिरके पडले की डोके आणि पाठ निळ्या-हिरव्या झळाळीने उजळतात, मान वळवली की तोच भाग जांभळा होतो, आणि तो सावलीत शिरला की पुन्हा काळा. याचे कारण असे की या झळाळीमागे निळे किंवा जांभळे रंगद्रव्य मुळी नसतेच. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचे कण थरांनी रचलेले असतात, आणि त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळताना काही रंग उजळतात, काही पुसले जातात. पाहणाऱ्याची जागा, सूर्याची जागा आणि पक्ष्याची बसण्याची ढब यांपैकी एक जरी बदलले तरी रंग बदलतो. म्हणून शिंजिरांच्या बाबतीत रंग ही सगळ्यात शेवटी विचारात घ्यायची खूण आहे असे माझे ठाम मत आहे. चोच, पोट, जागा, आवाज आणि महिना या पाच गोष्टी आधी पाहाव्यात. रंगाने त्यांना दुजोरा दिला तर उत्तम.

चोच आणि पोट यांचे महत्त्व कळते ते लोटेनचा शिंजीर समोर आला की. योआन गिदेऑन लोटेन हा १८व्या शतकात सिलोनचा डच गव्हर्नर होता. त्याच्या नावाने हा पक्षी ओळखला जातो आणि लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले ते १७६६ मध्ये. नर तसाच काळा, तसाच झळाळणारा, आणि तोही धायटीवर येतो. दोघे एकाच उतारावर दिसणे गोव्यात मुळीच दुर्मीळ नाही, आणि पाठमोरा बसलेला एकटा नर असेल तर मुरलेला माणूसही थबकतो. अशा वेळी घाई न करता तो बाजूला वळण्याची वाट पाहावी. लोटेनच्या शिंजिराची चोच डोक्याच्या लांबीपेक्षा स्पष्टपणे मोठी असते आणि तिचा बाक एवढा ठळक असतो की चोच त्या लहानशा चेहऱ्याला जड वाटावी. जांभळ्या शिंजिराची चोच वाकलेली असली तरी आटोपशीर असते. मग पोट पाहावे. लोटेनच्या नराचे पोट मळकट तपकिरी असते आणि छातीची झळाळी जिथे संपते तिथे ते वेगळे पडलेले दिसते. त्या सीमेवर तांबूस पट्टाही असतो. जांभळ्या शिंजिराचे पोट मात्र वरच्या अंगाइतकेच काळेभोर-निळे असते, कुठे सीमा म्हणून नसते. दोघांच्याही पंखांखाली, छातीच्या बाजूला पिवळ्या-तांबड्या पिसांचे छोटे गोंडे असतात. ते फक्त प्रणयाच्या किंवा भांडणाच्या आवेशात बाहेर येतात, त्यामुळे ते दिसले तर पाहणाऱ्याचे भाग्य म्हणावे, पण त्यांवरून निवाडा करू नये.

महिन्याचा उल्लेख मी वर केला त्याला कारण आहे. जांभळ्या शिंजिराचा नर वर्षभर जांभळा नसतो. वीण संपल्यावर तो ती झळाळी टाकून देतो आणि पावसाळा सरता सरता व त्यानंतरच्या काही महिन्यांत जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो: वरून मातकट हिरवा, खालून फिकट पिवळा. फरक एवढाच की हनुवटीपासून छातीच्या मधोमध पोटाकडे उतरणारा एक गडद पट्टा त्याच्या अंगावर राहतो, पंख काळसर राहतात आणि खांद्याशी निळी चमक डोकावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सड्यावर फिरणाऱ्याला हा गळ्यावर काळी रेघ ओढलेला पक्षी हमखास भेटतो, आणि तो कोणती तरी निराळीच जात असावा असे वाटते. पुढे नवी पिसे येऊ लागली की तो काही आठवडे ठिगळे लावल्यासारखा दिसतो, अर्धा पिवळा आणि अर्धा काळा. सगळेच नर एकाच वेळी पिसे बदलत नाहीत, त्यामुळे एकाच दिवशी एकाच झुडपावर पूर्ण झळाळता नर, रेघवाला नर आणि ठिगळांचा नर असे तिन्ही दिसू शकतात. ही वही भरण्याजोगी गोष्ट आहे. मी तरी दरवर्षी कोणत्या आठवड्यात कोणत्या रूपातले नर दिसले ते लिहून ठेवते.

आता मादीकडे येते, आणि इथे थोडे रेंगाळणार आहे, कारण बहुतेक लिखाणात मादीची बोळवण एका वाक्यात होते. माझ्या मते शिंजीर ओळखायला शिकायचे तर सुरुवात मादीपासून करावी. नर चुकला तर एक नर चुकतो. मादी ओळखता आली तर चारही जातींचा सांगाडा मनात पक्का बसतो. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा, छाती आणि पोट हे सगळे फिकट पिवळ्या रंगात एकसंध असते, पाठ मातकट हिरवट-तपकिरी असते, डोळ्यावर फिकट भुवई आणि डोळ्यातून जाणारी गडद रेघ असते, शेपटी काळसर आणि तिच्या कडेच्या पिसांची टोके पांढरी असतात. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी यापासून गळ्यावरून वेगळी काढावी: तिचा गळा राखाडी-पांढरा असतो आणि पिवळा रंग छातीपासून सुरू होतो, शिवाय पंखांवर तांबूस झाक असते. लोटेनच्या मादीला भुवई नसते आणि चोच नराइतकीच लांब, बाकदार असते. छोट्या शिंजिराच्या मादीच्या कंबरेवर, म्हणजे शेपटीच्या मुळाशी, मळकट लाल रंग असतो. तो दिसायला ती पाठमोरी होऊन पंख थोडे खाली सोडेपर्यंत थांबावे लागते. एवढे करूनही एखादी मादी पानांआड अशी काही बसते की निर्णय होत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना तिथे नुसते शिंजीर, जात अनिश्चित, असे लिहायची सोय आहे, आणि ती वापरायला कुणी लाजू नये. अंदाजाने भरलेल्या नावापेक्षा ती नोंद कितीतरी मोलाची असते.

सड्यावरून खाली उतरू लागले की शिंजिरांची जात बदलत जाते, आणि गोव्याच्या भूगोलाची ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. फोंडा तालुक्यातला कोणताही उतार घ्यावा. वर उघडा कातळ आणि गवत, मध्ये काजूची झाडे, तळाशी पोफळी, नारळ, मिरवेली आणि जायफळ यांचे गर्द कुळागर, आणि त्याला लागून घरे. माथ्यावर जांभळा शिंजीर राज्य करतो. काजूच्या पट्ट्यात आणि घराच्या अंगणात जांभळ्या पाठीचा शिंजीर जास्त दिसतो. त्याच्या नराची पाठ तांबूस, डोके हिरवे झळाळणारे, गळा आणि कंबर जांभळी, छातीवर तांबूस पट्टा, त्याखाली पिवळे पोट आणि कडेला पांढुरकी बगल. हा नर वर्षभर याच वेषात राहतो, त्यामुळे अंगणातल्या पक्ष्याला महिन्याचा हिशेब लागत नाही. आणि कुळागराच्या सावलीत शिरले की छोटा शिंजीर भेटतो. तो जेमतेम ८ सेंटिमीटरचा, पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा प्रदेश सोडून जगात इतरत्र कुठेही न आढळणारा. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. नराची पाठ गडद किरमिजी असते आणि तोही वीण संपल्यावर डोक्याची व गळ्याची झळाळी टाकतो. चढ-उताराच्या एवढ्याशा अंतरात जागेनुसार जाती अशा वाटल्या जाव्यात, याचे मला अजूनही नवल वाटते. अर्थात या वाटणीला भिंती नाहीत. धायटी फुलली की अंगणातला शिंजीर सड्यावर चढतो, आणि कुळागराच्या कडेला जास्वंद बहरली की सड्यावरचा खाली येतो. म्हणून जागा ही पहिली खूण असली तरी ती एकटी पुरेशी नाही.

आमच्या शेजारची मुलगी अंगणातून हाक मारते, "मावशी, लवकर या, हमिंगबर्ड आलाय!" मी जाते, आणि जास्वंदीसमोर पंख फडफडवत क्षणभर हवेत थांबलेला जांभळ्या पाठीचा शिंजीर आम्ही दोघी पाहतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. भारतात तो कुठेही नाही. मकरंद पिण्याची गरज एकच असल्यामुळे दोन वेगळ्या कुळांतल्या पक्ष्यांना लांब चोच, नळीची जीभ आणि झळाळती पिसे लाभली, एवढेच त्यांचे नाते. शिंजीर हवेत थांबू शकतो, पण थोडा वेळच. फांदी मिळाली की तो बसूनच पितो. संध्याकाळी फुलांपुढे अखंड भिरभिरत राहणारे काही दिसले तर तो बहुधा पक्षी नसून मोठा पतंग असतो. याच जास्वंदीवर शिंजिराची आणखी एक सवय जवळून पाहता येते. फूल मोठे आणि मकरंद खोल असला तर तो तोंडातून न जाता फुलाच्या बुडाशी चोचीने भोक पाडून रस ओढतो. फुलाला परागाची देवाणघेवाण मिळत नाही आणि पक्ष्याला पोटभर मिळते. जास्वंदीची बुडाशी टोचलेली फुले तपासून पाहा, पुष्कळ घरांत सापडतील.

सड्यावर शिंजिराशी घोटाळा होण्यासारखे दुसरे पक्षीही आहेत, पण ते लवकर निस्तरतात. फुलटोच्या तेवढाच लहान असतो, मात्र त्याची चोच आखूड आणि अंग गुबगुबीत. वटवट्या गवतात शेपटी उंच करून वावरतो आणि त्याची चोच सरळ. चष्मेवाला फुलांवर थव्याने येतो, आणि त्याच्या डोळ्याभोवतीचे पांढरे कडे लांबूनही लपत नाही.

वर्षभराचा हिशेब मांडला तर शिंजिराचे ताट कधी पूर्ण रिकामे राहत नाही. पावसात आणि त्यानंतर केवणीची फुले असतात. ती उमलताना तांबडी असतात आणि जुनी होताना निळसर-राखाडी पडतात, त्यामुळे एकाच झुडपावर दोन रंगांची फुले दिसतात. थंडीत धायटी सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. आणि या सगळ्यांच्या मध्ये आंबा, काजू यांच्यावर वाढलेले बांडगूळ असते. बागायतदाराला बांडगूळ नको असते आणि त्याचे कारण मला मान्य आहे, कारण ते झाडाचा रस ओढून घेते. पण त्याच्या नळीदार फुलांवर शिंजिरांची रीघ लागते. परागीभवन शिंजीर करतो आणि फळ खाऊन चिकट बी दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवण्याचे काम फुलटोच्या करतो. पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुले आणि फुलांवर अवलंबून असलेले पक्षी, या विषयावर सलीम अली यांनी १९३२ मध्ये विस्ताराने लिहिले, तेव्हा भारतात असा अभ्यास करणारे फार थोडे होते. आज चोडण बेटावर त्यांच्या नावाचे अभयारण्य आहे. ते खारफुटीचे, म्हणून तिथे लोक बगळे आणि खंड्या पाहायला जातात. फेरीबोटीतून उतरल्यावर बांधाच्या कडेच्या झाडांवर कान ठेवला तर शिंजीरही ऐकू येतो.

मकरंद म्हणजे साखरेचे पाणी. त्यावर पिल्लू वाढत नाही. पिल्लांना किडे आणि कोळी लागतात, आणि कोळ्याचा उपयोग घरट्यालाही होतो. जांभळ्या शिंजिराचे घरटे मादी एकटीच बांधते. मी धायटीच्या एका खालच्या फांदीवर ते आकाराला येताना पाहिले आहे. सुरुवातीला फांदीला नुसती कोळ्याच्या जाळ्याची लडी गुंडाळलेली दिसते. मग त्या लडीत गवताची काडी, सालीचा कपचा, वाळलेल्या पानाचा तुकडा, अळीची विष्ठा असे काय काय अडकवलेले दिसू लागते, आणि लोंबणारा तो गबाळा गुंता वाऱ्याने येऊन अडकलेला कचरा वाटतो. मादी त्यात शिरते, आतून छातीने दाब देते, गोल फिरते, आणि हळूहळू पोकळी तयार होते. बाजूला दार आणि दारावर पुढे आलेली पडवी. आत कापसासारखे मऊ अस्तर. नर जवळच्या काटकीवर बसून गातो, मादीच्या पाठोपाठ ये-जा करतो, पण काडी काही आणत नाही. बहुधा दोन अंडी असतात आणि ती साधारण १५ ते १७ दिवस मादीच उबवते. पिल्ले बाहेर आली की मात्र नरही खाऊ घालायला लागतो. या दिवसांत घरट्याजवळ जाऊन फांदी बाजूला सारून छायाचित्र काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो कचऱ्यासारखा दिसणारा गुंता हेच त्याचे संरक्षण असते, आणि आपण पानांचा आडोसा हलवला की कावळ्याला दार दिसते.

हे घरटे माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर असते, आणि तेच मला सड्यांच्या बाबतीत फार काळजीचे वाटते. सरकारी कागदांत आणि आपल्या बोलण्यातही सडा म्हणजे पडीक जमीन. तिथे काही पिकत नाही, म्हणून तिथे काही नाही, असे समीकरण झालेले आहे. पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पर्वरी, ताळगाव, वेर्णे इथल्या पठारांवर वसाहती, संस्था आणि कारखाने उभे राहिले. माणसांना घरे आणि कामे लागतात हे मी नाकारत नाही. पण जागा घेण्याच्या कितीतरी आधी झुडपे जातात, कारण सफाई म्हणून यंत्र फिरवले जाते ते सर्वांत आधी झुडपांवर. गवत पुढच्या पावसात परत येते. धायटी मुळासकट उखडली तर तिथे पुन्हा झुडूप उभे राहून फुलायला वर्षे जातात, आणि जांभळा शिंजीर त्या पठारावरून निघून जातो. दोन-चार चंडोल तेवढे उरतात.

आमच्या गावात सड्यावरच्या देवळाकडे जाणारी पायवाट दरवर्षी शिगम्याच्या आधी साफ केली जाते. त्याला कारणही आहे: गवत वाळलेले असते, एखाद्याने टाकलेल्या विडीने वणवा लागतो आणि तो काजूपर्यंत उतरतो. पूर्वी त्या सफाईत दोन्ही बाजूंची झुडपेही तोडली जात, नेमकी घरटी लोंबत असण्याच्या दिवसांत. मी तिथल्या मुलांना एकदा घरटे दुरून दाखवले, मादी चोचीत कोळी घेऊन आत शिरताना त्यांनी पाहिली, आणि मग बोलणे सोपे झाले. आग पसरते ती गवतावरून, तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत विळ्याने रुंद काढावे आणि धायटी-केवण जून लागेपर्यंत राहू द्यावी, असे ठरले. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मावशी, मग झुडपांखालचं गवतही हातानंच काढायला लागणार, दिवस जास्त लागेल." लागला. आता सफाईच्या वेळी तीच मुले आधी झुडपे तपासतात, घरटे असलेल्या फांदीपासून चार हात दूर राहतात आणि कोणत्या झुडपावर घरटे आहे ते मला येऊन सांगतात. नर रेघेचा होता की पूर्ण काळा, हेही आता त्यांना विचारावे लागत नाही.